विचारा मावशीला : गाणारीनं पडदे का रंगवावेत?

दिवाळी जवळ आली की झाडीपट्टीच्या नाटकांबद्दल वाचकांची पत्रं येऊ लागतात. यंदा ती आम्ही नागभीड तालुक्यातल्या एका जुन्या कलावंत बाईंकडे पाठवली. त्या गातात, भूमिका करतात, पेटी वाजवतात, पडदे रंगवतात आणि कंपनीचे कपडेही शिवतात. पंचक्रोशी त्यांना 'मावशी' म्हणते. नाव छापायचं नाही, ही त्यांचीच अट.

प्रश्न : माझ्या नवऱ्याची बदली ब्रह्मपुरीला झाली आहे. तिथे सगळे 'झाडीपट्टीचं नाटक' म्हणतात, ते आमच्या नाट्यगृहातल्या नाटकापेक्षा वेगळं कसं? आणि एका पोस्टरवर एकाच बाईचं नाव गायिका, अभिनेत्री आणि नेपथ्य असं तीनदा का होतं? — एक वाचक, पुणे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. हा धानाचा मुलूख म्हणजे झाडी. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, हातात चार पैसे आले, की भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, लागतात. लेकी माहेरी येतात, घराघरात पाहुणे. दिवसा मंडईत शिंगाडे, मुरमुरे आणि दंडार (गाणं, नाच आणि सोंगं यांचा लोकखेळ), रात्री नाटक. जिथे शंकरपट असतो तिथे दिवसा बैल धावतात आणि रात्री आम्ही. (२०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पट बंद होते, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली. बैल घरी बसले होते तरी आम्ही चालूच होतो, एवढं लक्षात ठेवा.) होळीच्या आगेमागे मोसम संपतो. कंपन्यांचा कारभार वडशातून चालतो. सरकारी कागदावर त्या गावाला देसाईगंज म्हणतात, पण तारीख घ्यायला येणारा माणूस वडशालाच उतरतो.

नाटक रात्री दहाला उभं राहतं ते पहाटेपर्यंत. तीन तासांत आटोपलं तर मंडळाचे लोक म्हणतील, बाकीचं नाटक कुठाय? इतका वेळ माणसं थंडीत बसवून ठेवायची तर गाणं लागतंच, आणि ते नटानं स्वतः म्हणायचं. समोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडवाले बसलेले असतात, त्यांच्याकडे बघत. पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक उभं केलं. ते पुढे तुमच्याकडे मागे पडलं, आमच्याकडे रुजलं, कारण इथे दंडार आणि खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा तमाशा, होतीच. गाऊन, नाचून, बोलून सांगायची सवय लोकांच्या अंगात होती.

माझे बाबा दंडारीत लुगडं नेसून नाचायचे. वर्षभर नांगर धरणारा माणूस. मंडईच्या दिवशी आईचं ठेवणीतलं लुगडं त्यांच्या अंगावर असायचं आणि आई जुनेरं नेसून पाहायला बसायची. लुगडं फाटू नये म्हणून तिचा जीव वरखाली. नाच कसा झाला हे तिला कधीच सांगता आलं नाही, काठ कुठे अडकला ते मात्र बरोबर सांगायची.

तीनदा नाव का, तर गाडीत माणसं मोजकी बसतात आणि कामं त्याच्या दुप्पट असतात.

प्रश्न : माझी मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गळा चांगला आहे. एका नाटक कंपनीने मोसमभरासाठी विचारलं आहे. तिची फार इच्छा आहे, पण भावकीत लोक नावं ठेवतील. पाठवू का? — एक आई, आरमोरी तालुका

ताई, भावकीचं आधी मिटवून टाकू. नावं ठेवणारे पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसतात आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याच पोरीचं गाणं गुणगुणतात. त्यांची काळजी करायला मोसमात वेळ मिळणार नाही.

पाठवा. पण आधी मालकाला घरी बोलवा, चहा द्या आणि विचारा. पहिलं, नाईटचं, म्हणजे एका प्रयोगाचं, किती आणि कधी देणार. मोसम संपल्यावर हिशेब करू म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. दुसरं, गाडीत अजून कोणत्या बाया आहेत आणि पहाटे प्रयोग सुटल्यावर पोरीला कुठे उतरवणार. गावात उतरायची सोय शाळेत असते नाहीतर कुणाच्या घरी. शाळा असेल तर खोलीला आतून कडी आहे का, बाथरूम कुठे आहे, कपडे बदलायला आडोसा कोण करून देणार, हे विचारायला लाजायचं नाही. मी पहिली काही वर्षं दोन साड्यांच्या आडोशात कपडे बदलले आहेत. साडी धरणाऱ्या दोघी जणी एकमेकींशी भांडत होत्या, त्यामुळे आडोसा हलायचा.

तिसरं, परीक्षा. आरमोरी गोंडवाना विद्यापीठात येतं आणि हिवाळी परीक्षा नेमकी मोसमाच्या तोंडात पडते. वेळापत्रक लागलं की त्या तारखा मालकाला लिहून द्या. पोरगी गुणी असेल तर तो दुसरी नायिका शोधेल, त्या दिवसांपुरती. पदवी सोडून नाटकात जाणाऱ्या पोरी मी पाहिल्या आहेत आणि त्यांचं मला पटत नाही, हे स्पष्ट लिहिते. मोसम फार तर चार-पाच महिन्यांचा. २०२०-२१ मध्ये करोनानं तोही खाल्ला. तेव्हा ज्यांना शिवणकाम, टायपिंग, शिकवणी असं काही येत होतं त्यांच्या घरात चूल पेटत होती. बाकीच्यांनी रोवणीची आणि तेंदूपत्त्याची वाट पाहिली.

आता चौथी गोष्ट. ही मालकाला नाही, पोरीला सांगा. हिला गाता येतं म्हणून नेतील. दोन महिन्यांनी आईचं काम करणारी आजारी पडेल, तेव्हा विचारतील, बाई, तेवढं करून टाक ना. मग प्रॉम्प्टर नसेल, विंगेत उभी राहून वाक्यं दे. मग नायिकेचा ब्लाऊज उसवेल, सुई घे. माझं असंच झालं. चार वर्षांत मला सगळं यायला लागलं आणि पाकीट गाण्याचंच राहिलं. एका मालकानं स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला, मला सगळं येतं म्हणून दोन मिनिटं भाषण केलं. त्या रात्रीही पाकिटात तेवढेच. दुसऱ्या मोसमाला मी सांगून टाकलं : गाण्याचं वेगळं, पडद्याचं वेगळं, शिवणाचं वेगळं, नाहीतर फक्त गाणं. तो रुसला. दहा दिवसांनी निरोप आला, कारण पडदेवाला बाहेरून आणला तर त्याचं राहणं, जेवण, गाडीभाडं. मी त्याला स्वस्तच पडत होते.

तेव्हा सगळं शिकू द्या, पण प्रत्येक कामाचा दर पहिल्या दिवशी ठरवू द्या. आणि बक्षिसाचं विचारायला विसरू नका. गाणं रंगलं की लोक नोटा पाठवतात, माईकवरून नाव पुकारलं जातं. ती नोट गाणारीची की कंपनीची, हे आधी ठरलेलं बरं. ती घ्यायला स्टेजवरून खाली उतरायचं नाही. आणून देणारा माणूस असतो.

प्रश्न : मी हौशी मंडळात नायकाचं काम करतो. मी काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये. द्वंद्वगीताला दोघांपैकी एकाचा गळा फाटतो. काय करावं? — ब्रह्मपुरी तालुका

बापू, तू हट्ट सोड आणि ती पण सोडेल. पेटीची पहिली काळी पट्टी, म्हणजे काळी एक, हा तुझा सा. त्याचा मध्यम, म्हणजे चौथा सूर, काळी तीनवर येतो. तुझं कडवं काळी एकमध्ये म्हण, तिला काळी तीनवर षड्ज (सा) धरून तिचं कडवं म्हणू दे. तिला एकच सूर खाली यावं लागतं, तेवढं कुणाही बाईला जमतं. मधल्या संगीतात ऑर्गनवाला सूर फिरवून देतो. शेवटची ओळ दोघांनी मिळून म्हणायची असेल तर तुझ्या पट्टीत घ्या आणि नायिका मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, न जाता मध्यमाच्या पुढे पुढेच राहील अशी चाल थोडी वळवा. ऑर्गनवाला नवा असेल तर तालीम त्याच्याशी करा, एकमेकांशी नंतर. आमच्या एका नायकाला पट्टी खाली घेणं म्हणजे मिशी काढल्यासारखं वाटायचं. पहिल्या अंकात गर्जायचा, तिसऱ्या अंकात घोगरा व्हायचा आणि मरणाच्या प्रवेशात खरंच मेल्यासारखा आवाज यायचा. लोक म्हणायचे, काय अभिनय केला!

प्रश्न : आमच्या गावात खंजिरीवर भजनं म्हणणारे आहेत. त्यांना कलावंत म्हणावं की भक्त? — एक शिक्षक, अमरावती जिल्हा

गुरुजी, तुमच्याच जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ साली तुकडोजी महाराज जन्मले आणि तुम्ही मला विचारता! भजनं स्वतः रचायची, मराठीत आणि हिंदीत. स्वतः गायची, खंजिरी स्वतः वाजवायची. ग्रामगीता लिहिली. १९५५ मध्ये जपानच्या परिषदेत जाऊन भजन म्हटलं. आमच्याकडे त्यांचं नाव निघालं की चिमूर निघतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूरला लोक उठले, त्यात महाराजांच्या भजनांचा वाटा होता. त्याच महिन्यात इंग्रजांनी त्यांना पकडलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ज्याच्या गाण्याची सरकारला भीती वाटते त्याला कलावंत म्हणायला आपण परवानगी कुणाची मागायची?

माझा गळा नाटकात तयार झाला नाही. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेत झाला. संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे बसायचं, मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं पण न ओरडता म्हणायचं. माईक नव्हता. पुढे ज्या ज्या गावात वीज गेली आणि माईक बंद पडला, तिथे ही शिकवण कामी आली. पेटीही भजनी मंडळातल्या काकाजींनी शिकवली. भाता कसा धरायचा एवढं दाखवलं आणि म्हणाले, आता सूर तूच शोध.

तुमच्या भजनकऱ्यांना एक विचारा, चाल स्वतःची लावता की सिनेमाची उचलता? माझा राग असला तर त्यावर आहे.

प्रश्न : जुन्या नाटकांचे हाताने रंगवलेले पडदे लहानपणी पाहिले होते. आता सगळीकडे फ्लेक्स दिसतो. ते पडदे कसे करत? — चित्रकला शिक्षक, भंडारा

हा प्रश्न वाचून मी पत्र दोनदा वाचलं. गाण्याबद्दल सगळेच विचारतात.

मांजरपाट आणायचा, पट्ट्या जोडून शिवायचा. शिवण आडवी घ्यायची, उभी घेतली तर आभाळाच्या मधोमध रेघ दिसते. उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली की व्हरांड्यात तो पसरायचा आणि चारी बाजूंनी खिळे ठोकून ताणायचा. रात्री सरस भिजत घालायचा, सकाळी तो डबा गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवून पातळ करायचा. थेट विस्तवावर ठेवला तर जळतो आणि जो वास येतो त्यानं शेजारीण भांडायला येते. तसाही वास येतोच, पण तेवढ्यावर ती फक्त खिडकी लावून घेते. खडूची पूड आणि सरस मिळून पहिला हात. तो वाळला की रंग : पिवडी (पिवळी माती), गेरू, नीळ, काजळी, पांढऱ्याला झिंकचा सफेदा. सगळे पुडीचे रंग, सरसात कालवलेले.

इथे खरी कसोटी सरसाची. जास्त झाला तर पडदा गुंडाळताना भेगा पडतात आणि राजवाड्याचे खांब तडकतात. कमी झाला तर रंग हाताला लागतो. एकदा खलनायक पडद्याला टेकून उभा राहिला आणि पाठीवर अर्धं जंगल घेऊन पुढच्या प्रवेशात दरबारात आला. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून अंदाज वाळल्यावरचा धरायचा. आणि पडदा दिवसा रंगवतो पण दिसतो रात्री. पिवळ्या दिव्याखाली निळा रंग काळवंडतो. जंगल रंगवताना हिरव्यात पिवडी थोडी जास्त घातली नाही तर नायिका अंधारकोठडीत गातेय असं वाटतं.

दारं, कमानी काढताना क्षितिजाची रेघ उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवायची. ती खाली गेली तर पडद्याजवळ उभा राहिलेला नट महालाच्या दारापेक्षा मोठा दिसतो. हे मला वडशातल्या एका म्हाताऱ्या पेंटरनं शिकवलं. तोंडी नाही. त्यांनी मला पडद्यासमोर उभं केलं, स्वतः मैदानात दूर जाऊन बसले आणि हसत सुटले. मग मला तिकडे बसवलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

फ्लेक्सबद्दल मी रडत नाही. दवात भिजत नाही, हलका, एका दिवसात छापून येतो. पण तो चकाकतो, समोरचा दिवा त्यात दिसतो. आणि रात्री वारा सुटला की कापडाचा पडदा नुसता हलतो, फ्लेक्स फडफडतो. तो फडफडाट माईकमध्ये येतो आणि माझ्या आलापात मिसळतो. म्हणून मी अजून मागचा एक पडदा तरी कापडाचा मागते. मालकांना वाटतं ही म्हातारी जुन्याच्या प्रेमात आहे.

प्रश्न : मंडईच्या हंगामात सलग गाऊन माझा आवाज बसतो. कुणी ज्येष्ठमध सांगतं, कुणी कच्चं अंडं. — सडक अर्जुनी तालुका

ज्येष्ठमध चघळा, बरं वाटेल. अंडं शिजवून खा. आवाज बसला की लोक कुजबुजून बोलतात. त्यानं गळ्याला आराम नाही, उलट ताण पडतो. बोलणंच बंद ठेवा. पाणी दिवसभर प्या, प्रयोगाच्या आधी अर्धा तास ढोसू नका. साधी वाफ घ्या. दवात डोकं उघडं ठेवून बसू नका आणि प्रयोग सुटल्यावर गाडीत गप्पा मारू नका. गळा तिथेच जास्त जातो, स्टेजवर नाही. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन स्वरयंत्र तपासून घ्या. गाठी धरल्या असतील तरी घाबरू नका, पुष्कळदा आवाजाच्या व्यायामानं सुटतात.

रंगभूषेच्या जुन्या पेटीतला मुरदाडशिंग कुणी तोंडाला लावायला दिला तर फेकून द्या. त्यात शिसं असतं.

प्रश्न : मी साठी ओलांडलेला दंडारीचा कलावंत. सरकारी मानधन मिळतं म्हणतात. अर्ज केला तर पुरावे मागतात. आमच्याकडे कसले पुरावे? — गडचिरोली जिल्हा

भाऊ, योजनेचं आताचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. आधी अ, ब, क अशा श्रेण्या होत्या आणि रक्कम वेगवेगळी होती, २०२४ पासून सरसकट महिना ५००० रुपये केले. वय पन्नासच्या वर लागतं, ते तुमचं आहे. तालुक्याला पंचायत समितीत चौकशी करा.

पुराव्याचं दुखणं माझंही आहे. दंडार करणाऱ्याला कोण प्रमाणपत्र देतं? पण मंडईचं पॉम्प्लेट असतं, त्यावर मंडळाचं नाव असतं. गावच्या जुन्या कपाटांत, भजनी मंडळाच्या ट्रंकेत शोधा. ग्रामपंचायतीचा दाखला घ्या. कुणाकडे तुमचा लुगड्यातला फोटो असेल, तो लाजून लपवला असेल तर मागून आणा. पेपरात छापून आलेलं कात्रण असेल तर उत्तमच. आपल्याच कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच झाडीच्या नाटकांसाठी. आता साहेबांना झाडीपट्टी म्हणजे काय हे पहिल्यापासून सांगावं लागत नाही. तेवढा तरी वेळ वाचतो.

आणि ज्यांचं वय अजून तिशीत आहे त्यांनी आजपासून प्रत्येक पॉम्प्लेट तारखेसकट जपून ठेवा. माझं निम्मं आयुष्य लोकांनी चिवडा बांधून नेलं.

प्रश्न : मावशी, तुम्हाला स्वतःला काय म्हणवून घ्यायला आवडतं? आणि थांबणार कधी? — नाव नाही, नागपूर

गाणारी. बाकी कामं पोटासाठी शिकले, त्यातल्या पडद्यांवर पुढे जीव जडला ही गोष्ट वेगळी. नायिका मी कधीच सोडली. सासूची, आजीची कामं करते, ती जास्त मजेची असतात, कारण शिव्या लिहिलेल्या असतात.

नागपूरचे आहात म्हणून सांगते. तुमच्याकडून नागभीडला येणारी छोटी गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. त्या गाडीनं नागपूरच्या नट्या यायच्या, डब्यातच पाठांतर करायच्या आणि अर्धा डबा नाटक फुकट ऐकायचा. आता बसनं या. भाऊबीजेनंतर कुठल्याही मंडईला उतरा, कोणत्या गावात आज नाटक आहे ते पानठेल्यावर विचारा. सतरंजी आणि कानटोपी घरून आणा. तिकीट काढा. माझी ओळख सांगून पास मागू नका, मागच्या वर्षी तसे गंज लोक आले होते आणि मालकानं ते माझ्या पाकिटातून कापून घेतले.